वहिनीच्या बाटल्या

नेलपॉलिशची रिकामी बाटली फार कामाची, असं आमची आत्या म्हणते. रिमूव्हर घालून खळखळवली की काच लख्ख होते, आणि झाकणातल्या ब्रशने शिलाई मशीनला तेल नेमकं लावता येतं.

दादाचं तेरावं उरकलं आणि दुसऱ्याच सकाळी आत्या वहिनीच्या बाटल्या धुवायला बसली. त्या रिकाम्या नव्हत्या. गुलाबी, जांभळा, लाल, सगळे रंग तिने रद्दीवर ओतले. वहिनी दारात उभी होती. नखांवर अजून तोच लाल होता. काटकसर म्हटली की कुणाला क्रूर म्हणायचीही सोय उरत नाही.

धुतलेल्या बाटल्या उन्हात मांडून आत्याने रिमूव्हर हलवून पाहिलं.

“थोडं उरलंय गं,” ती मायेने म्हणाली, “वाया कशाला घालवायचं? आण तुझा हात.”