पर्जन्यमापकातला बोळा

बाजारातले लोक तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठ फिरली की हवाबाई. ती हवामान खात्यात तंत्रज्ञ होती. शहरभरच्या गच्च्यांवर बसवलेली यंत्रं तपासायची, पुसायची, बिघडली तर उघडायची. पगार घेऊन आकाशाकडे बघत बसायचं काम, असं लोकांना वाटे. खरं तर तिचा निम्मा दिवस पारव्यांची शीट खरवडण्यात जाई. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात कुणी थुंकलेलं असे, कुणी सिगारेटची थोटकं विझवलेली असत. एकदा त्यात दातांची कवळी निघाली. मालक काही शेवटपर्यंत पुढे आला नाही.

घाणीची तिला उपजतच शिसारी होती. हातमोज्यांवर हातमोजे चढवून, श्वास रोखून ती काम उरकायची. पण करायची मन लावून, कारण त्या कामावर तिचा विश्वास होता. पूर्वी अंदाज यायचा, ‘तुरळक ठिकाणी सरी.’ तुरळक म्हणजे कुठे, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आता रडारवर ढग दिसायचा, गच्चीवरचं यंत्र पाऊस मोजून लगेच कचेरीला कळवायचं आणि कुठल्या गल्लीत पाणी भरणार हे पाणी भरायच्या आधी कळायचं.

नाल्याकाठच्या तळघरातल्या बाजारात तर भोंगाच बसवला होता. तो वाजला की शटर ओढायची आणि वर यायचं. त्या बाजारात तिच्या धाकट्या दिराचं चपलांचं दुकान होतं. शिवाय तो व्यापाऱ्यांच्या समितीचा अध्यक्ष. सुरुवातीला भोंगा काही वेळा उगाच वाजला. ढग आले, गडगडले आणि न बरसता निघून गेले. व्यापारी खवळले. मग खात्यानं नियम बदलला.

एका रविवारी नेहमीप्रमाणे सगळे दिराच्या घरी जेवायला जमले असताना त्यानं तो विषय काढला.

“वहिनी, तुमचा तो भोंगा पुन्हा गिऱ्हाइकं पळवणार नाही ना?”

“नाही भाऊजी. आता नुसत्या रडारवर वाजत नाही. वरच्या पर्जन्यमापकात खरोखर जोराचा पाऊस पडला, तरच वाजतो.”

“म्हणजे वर मोजलाच नाही, तर खाली वाजणार नाही?”

“हो. पण मोजणार कसा नाही?”

दिरानं मान डोलावली आणि भात वाढून घेतला.

त्यानंतर सणाच्या सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशी भरदुपारी ढगफुटीसारखा पाऊस कोसळला. बाजारात वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी होती. कचेरीतल्या पडद्यावर रडारचा डाग बाजारावर लालभडक झाला होता आणि तिथल्या पर्जन्यमापकाचा आकडा मात्र शून्य. पाळीवरचा माणूस म्हणाला, “रडार पुन्हा थापा मारतंय.” ती त्या वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. तिला कळलं, तिनं बाजारात फोन लावले, तोवर नाला पायऱ्यांवरून आत घुसला होता.

गिऱ्हाइकं चेंगराचेंगरी करत वर आली. मागे राहिला तो अगदी आतल्या गाळ्यातला म्हातारा शिंपी. त्याला कमी ऐकू येई. लोकांचा आरडाओरडा त्याला रोजचाच वाटला. भोंगा तेवढा त्याच्या कानात शिरायचा आणि त्याच भरवशावर तो मान खाली घालून मशीन चालवत होता. अग्निशमनवाल्यांनी त्याला बाहेर काढलं, तेव्हा तो छातीभर गटाराच्या पाण्यात जिन्याचा कठडा धरून उभा होता. जीव वाचला, पण पोटात ते पाणी गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजाराच्या गच्चीवर चढली. नरसाळं काठोकाठ भरलं होतं. वर तेलकट तवंग, त्यात मेलेल्या माश्या. तिनं बोट घातलं, तर आत काहीतरी मऊ, बुळबुळीत लागलं. उंदीर असेल असं वाटून तिच्या अंगावर काटा आला. ओढून काढलं, तर कापडाचा बोळा. पिळला, उलगडला. नव्या चपला ज्या पिवळ्या पिशवीत घालून देतात, ती पिशवी होती, आणि तिच्यावर दिराच्या दुकानाचं नाव होतं. तिच्याच सासरचं आडनाव, लाल अक्षरांत.

ती गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन ओकली.

कचेरीत तिच्या साहेबांनी पिशवी बघितली आणि वासानं खिडकी उघडली. “पक्ष्यानं आणून टाकली असेल.”

“साहेब, पक्षी बोळा करून ठासून भरतात?”

“अहो, समितीशी आपले संबंध चांगले आहेत. आणि तुमच्या घरचंच प्रकरण आहे हे. तुमच्या सोयीसाठीच म्हणतोय मी.”

ते ‘सोयीसाठी’ तिला नरसाळ्यातल्या तवंगासारखं वाटलं. तिनं पिशवी उचलली, भोंगा का वाजला नाही याची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे थेट नेऊन ठेवली आणि रविवारचं जेवतानाचं बोलणंही सांगून टाकलं.

संध्याकाळी दीर सासूबाईंना घेऊन तिच्या घरी आला. आवाज चढवायलासुद्धा तयार नव्हता.

“एक दिवसाचा प्रश्न होता, वहिनी. सगळ्यांचा माल पडून होता. मी काय एकट्यासाठी केलं?”

“शिंपीकाका मेले असते.”

“मेले नाहीत ना?”

सासूबाई मध्ये पडल्या. “झालं गेलं. घरातली घाण वेशीवर टांगायची नसते.”

“आई, ही घाण मी केली नाही. मी फक्त हात घालून बाहेर काढली.”

नवरा तिच्या बाजूनं उभा राहिला, पण भिंतीकडे बघत.

ती शिंप्याला बघायला दवाखान्यात गेली, तेव्हा समिती तिच्याआधी पोचली होती. खाटेभोवती कोंडाळं, दिराच्या हातात फुलांचा गुच्छ. फोटो काढणारा म्हणत होता, “काका, जरा हसा.” शिंप्याच्या पायांवर फोड आले होते, पांघरुणाला औषधाचा आणि पुवाचा वास येत होता. दिरानं फोटोपुरता त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर पडताना तो रुमालाला पुसला. तिनं ते पाहिलं. तिला फोडांची शिसारी आली नाही, त्या रुमालाची आली.

चौकशीत दिराचं अध्यक्षपद गेलं, दुकानाला काही महिने टाळं लागलं. साहेबांची बदली झाली, तीही बढतीवर. भोंग्याचा नियम बदलला: आता रडार लाल झालं की पर्जन्यमापकाची वाट न बघता तो वाजतो. शिंपी बरा झाला, पण पुन्हा तळघरात उतरला नाही. आपल्या घराच्या ओट्यावर मशीन मांडून बसला.

आणि पुढच्या मोसमात बाजाराच्या दारावर झगझगीत फलक लागला, ‘हवामान-जागरूक बाजार’. कुठल्याशा संस्थेनं बक्षीस दिलं. समारंभाला तिला पहिल्या रांगेत बसवलं होतं. समितीत सल्लागार म्हणून परतलेला दीर माईकवर म्हणाला, “विज्ञान आणि व्यापार हातात हात घालून चालले, तर काय होत नाही!” टाळ्या पडल्या. सासूबाईंनीही वाजवल्या. भाषण संपवून तो खाली उतरला आणि सगळ्यांदेखत तिच्यापुढे हात केला. “वहिनी, अभिनंदन तुमचंही.”

तिनं त्या हाताकडे बघितलं. स्वच्छ होता, नखं कापलेली, मनगटावर अत्तर.

“राहू दे भाऊजी,” ती म्हणाली. “मी आज हातमोजे आणले नाहीत.”

आजूबाजूचे दोघे-तिघे विनोद समजून हसले. ती उठून गेली. त्या दिवसापासून रविवारच्या पंगतीला ती बसली नाही. नवरा एकटा जातो, लवकर परत येतो आणि तिथे काय बोलणं झालं ते सांगत नाही. तीही विचारत नाही.