पेटीबाईंचा वर्ग

आष्ट्यातल्या माझ्या सेवा केंद्रातला पंखा काळी दोनमध्ये गुणगुणतो, हे मला पेटीबाईंनी सांगितलं. त्यांना प्रत्येक आवाजाची पट्टी कळायची. एसटीच्या हॉर्नची, पिठाच्या गिरणीची, माझ्या चिडण्याचीसुद्धा. "आज लय चढ्या पट्टीत हायस गं," म्हणत त्या खुर्ची ओढायच्या. "बघ, कुठं संगीत शिक्षकाची जागा निघालीय का."

त्यांचे वडील जयंतीच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. बाई त्यांच्याकडंच शिकल्या, पुढे संगीतात पदवी घेतली. घरी शिकवण्या चालायच्या, पण मनात सरकारी शाळा होती. "शिकवणीला हौशी आईबापांची पोरं येत्यात. बाकीच्यांनी कुठं गावं?" ऑनलाइन अर्जातल्या विषयांच्या यादीत गणित सापडायचं, हिंदी सापडायचं, संगीत बहुधा नसायचंच. मी 'इतर' निवडायची. "निवड. दार कुठलंबी असू दे, आत गेल्याशी मतलब." पोहोच निघायची, पुढे काहीच यायचं नाही. तरी त्या कधी कडवट झाल्या नाहीत. साइट अडकली की टेबलावर बोटांनी ठेका धरून बसायच्या.

गेल्या उन्हाळ्यात म्हसवडकडच्या एका सरकारी निवासी शाळेत जागा निघाली. वयाच्या अटीत बसायचं बाईंचं ते शेवटचं वर्ष. आणि अर्जासोबत वर्गात शिकवतानाचा व्हिडिओ मागितला होता. मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. शाळांना सुट्टी, शिकवणीची मुलं मामाच्या गावाला.

"माझ्याकडं वर्गच न्हाई गं," बाई इतक्या हळू म्हणाल्या की मला मान वर करून बघवेना.

मग त्या मागे वळल्या. अनुदानाच्या कामाला आलेले शेतकरी, दाखल्यासाठी आलेल्या मुली, पेन्शनचं काम अडलेले एक फौजी आजोबा रांगेत ताटकळत होते.

"आवं, घटकाभर माझी पोरं व्हता का?"

मी मोबाइल धरला. बाईंनी सा लावला. मुली लाजल्या, शेतकरी हसले. आजोबा हाताची घडी घालून म्हणाले, "आपल्याला गाणं जमत न्हाई."

"परेडला पाय पडत हुता न्हवं? मग ताल हाय की तुमच्यात. टाका पाय."

आजोबांनी बूट आपटला. त्या ठेक्यावर अख्खी रांग सारेगम म्हणू लागली. व्हिडिओ संपला तरी कुणी थांबेना.

बाईंची निवड झाली. नेमणूक कंत्राटी होती, पण मिळाली. निघताना रिक्षात पेटी दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती. निरोपाला हात मोकळा नव्हता, म्हणून गल्लीच्या वळणापर्यंत माझ्याकडे बघत नुसती मान हलवत राहिल्या.

शाळा सुरू झाल्यावर एका दुपारी फोन आला. "ऐक," एवढंच म्हणाल्या. पलीकडे वर्गभर पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. एकाचा सूर दुसऱ्याशी जुळत नव्हता.

"लय बेसूर हायती गं," त्या गलक्यातून बाई मोठ्यानं म्हणाल्या. "आता बसते एकेकाला घेऊन."

फोन बंद करायचं त्या विसरल्या. रांगेतली माणसं खोळंबली होती, तरी मीही तो बंद केला नाही.