लॅपटॉपमधला अंधार आणि माझं सर्टिफिकेट

टीव्हीला थाप मारून चित्र आणण्यात माझी उमेदीची अर्धी वर्षं गेली. मग पुण्यात तीन महिन्यांचा कोर्स केला आणि धुळ्यातल्या दुकानाच्या पाटीवर ‘टीव्ही’शेजारी ‘कॉम्प्युटर’ रंगवून घेतलं. सर्टिफिकेट देवाच्या फोटोपेक्षा वर टांगलं. नव्वदीच्या अखेरीस गावात कॉम्प्युटर होते बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे माझं अज्ञान झाकलेलं होतं.

एका शनिवारी दोंडाईचाहून एक मुलगी वडिलांना घेऊन आली. नोकरी नवी, लॅपटॉप ऑफिसचा, आणि सोमवारी नाशिकला साहेबांना त्यावरच काम दाखवायचं. काल घरी आणला, आज सकाळी पडदा काळा. “नोकरी जाईल हो माझी,” ती म्हणाली. वडील बघायला पुढे सरकले, तसं मी म्हटलं, “नाना, तुम्ही बाकावर बसा. नाजूक काम आहे.”

मग माझी विद्वत्ता सुरू झाली. लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडला. त्यावर चित्र लख्ख, म्हणजे मशीन जिवंत. काळ्या पडद्यावर तिरपी बॅटरी मारली, तर अक्षरं पुसट दिसली, म्हणजे पडदाही धड. “पडद्यामागचा दिवा गेला,” मी डॉक्टरी आवाजात सांगितलं. “मुंबईहून मागवायचा. पंधरा दिवस.” पोरीचा चेहरा उतरला. साहेबांना खरं सांगून टाकते म्हणाली आणि समोरच्या एसटीडी बूथवर गेली. मी स्क्रू काढायला घेतले.

नाना बाकावरून उठले. पडद्याच्या कडेला एक बारकं चाक होतं, त्याच्यावर बोट ठेवलं. “ते मीच बारीक करेल व्हतं. कंदिलनी वात करतस तसं. बठ्ठी वीज कसाले जाळनी?”

सगळी वीज कशाला जाळायची, म्हणून नानांनीच उजेड कमी केला होता. मी चाक फिरवलं. पडदा उजळला. कोर्सात हे शिकवलं असणारच, मी तेव्हा बहुधा चहाला गेलो होतो.

“मग सांगितलं का नाही?” मी खेकसलो.

“पोर रडाले लागनी, मंग मनी हिंमतच नही व्हयनी. तिले सांगू नका भाऊ.”

मुलगी परतली ती रडवेलीच. साहेबांचा फोन लागला नव्हता. पडदा बघून तिने हात जोडले. “काय झालं होतं?”

“वायर ढिली होती,” मी म्हणालो. नानांसाठी म्हणालो असं सांगायला आवडेल, पण निम्मं स्वतःसाठीच होतं.

ती वडिलांकडे वळली. “देखं का नाना? मी सांगेल व्हतं, मानूस हुशार शे.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. “हुशार शे,” ते म्हणाले. चेहऱ्यावर हसू नव्हतं. खरंच आभार मानत होते, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.