मी सांगितलेला चीनचा पूर

मास्तर गेल्याचं मला मंगळवारच्या बाजारात कळलं आणि मनात पहिला शब्द उमटला, तो 'सुटलो'. लाज वाटते, पण तसंच झालं. आज दीड महिना होत आला. मी काही सुटलेलो नाही.

बसलिंगप्पा मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. रविवारी सकाळी शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या माडीवर आम्ही पंधरा-वीस पोरं जमायचो... कुणी विद्यार्थी, कुणी गिरणीतले, कुणी हातमागावरचे. मास्तर प्रत्येकाला एकेक देश देत. वाचनालयात जायचं, आठवडाभराची वर्तमानपत्रं चाळायची आणि रविवारी आपल्या देशाची खबर सर्वांना सांगायची. "तिथं दुष्काळ पडला तर हितं तुला जेवण गोड लागता कामा नये," असं ते बजावत. विणकराचा पोरगा नरसय्या, त्याच्याकडे तुर्कस्तान होतं, माझ्याकडे चीन.

एका आठवड्यात मी कुस्त्यांच्या मागे हिंडलो, वर्तमानपत्राला हातही लावला नाही. रविवारी माझी पाळी आली तेव्हा ठोकून दिलं : चीनमध्ये मोठा पूर आलाय, गावंच्या गावं वाहून गेलीत, माणसं उघड्यावर आहेत.  मास्तर म्हणाले, "आपल्या गावाला दुसरं काय येतं रे? चादरी देऊ की!" चार दिवसांत माडी चादरींनी भरली. त्या चीनला कशा पाठवायच्या, हे विचारायला मास्तरांनी मुंबईच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला पत्र घातलं. उत्तर आलं, असा पूर कुठंच आलेला नाही.

पेठ पोट धरून हसली. मास्तर घरोघर जाऊन चादरी परत करत होते आणि प्रत्येक दारात सांगत होते, "वाचण्यात माझीच चूक झाली." त्यांच्या मागे गठ्ठा धरून मी चालत होतो. तोंड उघडायला मला वीस दारं मिळाली...

पुढं काही वर्षांनी चीनमध्ये खरोखरच महापूर आला. मास्तरांनी अंक हातोहात फिरवला, बातमीवर बोट ठेवून दाखवलं. कुणी चादर आणली नाही. एकजण हसलासुद्धा. मास्तरांनी अंकाची घडी घातली आणि पुन्हा कधी कुणाकडे काही मागितलं नाही. तेव्हाही मी गप्पच होतो.

तेरावं झाल्यावरच्या रविवारी माडीवर गेलो. आता नरसय्या सगळं बघतो. नव्या पोरांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. 

"आमच्या आयनं अंगावरची चादर दिली हुती, दादा," नरसय्या म्हणाला. "आन् मास्तर मान खाली घालून पेठंतनं फिरले."

"चुकलं माझं."

"त्ये मास्तरास्नी सांगायचं हुतं की. बसा. पन चीन आता तुमच्याकडं न्हाय."

त्यानं चीन एका नव्या पोराला दिला. मी दर रविवारी जातो. माडीवर अजून देश वाटले जातात, आणि मी भिंतीला टेकून ऐकत बसतो. माझ्या वाट्याला अजून कुठलाच आलेला नाही, आणि मागायचं धाडस मला होत नाही.