कच्ची राहिलेली भुकटी

मी मुळातच कमी बोलणारा. त्यामुळे गप्प राहिलो तरी कुणाला संशय आला नाही.

मुरबाडच्या आमच्या छोट्या कारखान्यात सिलिकॉनची भुकटी भाजतात. तिच्या आतली रचना विस्कटलेली असते. बंद भट्टीत तासन्‌तास एकसारखी धग मिळाली की ती रांगेत बसते. मग तपासणीच्या आलेखात माहुली किल्ल्याच्या सुळक्यांसारखी टोकं उभी राहतात. भुकटी कच्ची राहिली तर आलेख म्हणजे अंथरलेली गोधडी, सपाट.

गेल्या वर्षी धसईत पुतण्याची हळद होती. मी भट्टी तीन तास आधीच बंद केली, वहीत नेहमीची वेळ लिहिली आणि हळदीत मनसोक्त नाचलो. आलेख आला गोधडीसारखा. साहेबांना वाटलं, माझ्याबरोबर भट्टीवर असणाऱ्या डोळखांबच्या ताईंनी भुकटीची भांडी दाबून भरली, म्हणून धग आत पोचली नाही. भट्टीच्या कामात एवढा जीव ओतणारी बाई, तिला पिशव्या भरायला बसवलं. मी समोर उभा होतो.

यंदा उन्हाळ्यात ताईंनीच मला त्यांच्या शेतावर राब भाजायला बोलावलं. भाताची रोपं करायची जागा शेण, पाला, गवत पसरून भाजतात, ते काम. मी उत्साहात काडी ओढून वाकलो.

"ओ दादा, थांबा! तिकडून नाय! वाऱ्याच्या तोंडाला लावलीत तं आग पळत जाईल. वरचा पाला जळंल, माती कच्चीच! या अंगानं लावा, वाऱ्याच्या उलट. हळूहळू भाजू द्या."

काडीनं बोट भाजलं आणि तोंडातून निघून गेलं, "ताई, ती भट्टी मीच लवकर बंद केली होती. हळदीला जायला."

ताईंनी कमरेवर हात ठेवले.

"म्हंजे तुमी नाचलात, न आमी पिशव्या भरल्या?"

"हो."

"उद्या चहाला सगल्यांसमोर बोला. आता राब सांभाळा. पुरा भाजल्याबिगर जेवान नाय!"

दुपार टळेपर्यंत धुरात उभा होतो. वर्षभरात इतकी भूक लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बोललो. साहेब तडकले. ताई भट्टीवर गेल्या, मी पिशव्यांवर. परवा त्यांच्या हातच्या भुकटीचा आलेख आला, तो त्यांनी माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवला.

"बगा दादा, बसल्या जागी माहुली!"

टोकं खरंच उभी होती. मी पिशव्या भरतो आणि मधूनमधून वर बघतो.