संध्याकाळी मोजलेला धुरा

तीन वर्षांपूर्वीचा, होळीच्या आदला शनिवार. मोजणीची फी तीन हजार रुपये. निम्मी माझी, निम्मी थोरल्या भावाची. मूर्तिजापूरजवळच्या आमच्या शेतावर हजर होतो दादा, वहिनी, मी आणि अकोल्याहून आलेला खासगी मोजणीदार.

वाटणी वडिलांनीच करून दिली होती. दोन शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, दादा दरवर्षी थोडा थोडा माझ्याकडे सरकवतो, असा संशय मला अमरावतीत बसून आला होता. मोजणी मीच मागितली.

मोजणीदार दुसरीकडचं काम आटोपून आला तोवर ऊन उतरलं होतं. उपग्रहावरून मोजणारं यंत्र त्याने काठीवर चढवलं. आकडे ठरेनात.

"साहेब, सूर्य बुडताना फार उंचावरच्या हवेत लाटा उठतात," तो म्हणाला. "सिग्नल त्यांतूनच येतो, म्हणून आकडा डळमळतो. सकाळी पुन्हा घेऊ."

"थांब ना आज," दादा मला म्हणाला. "धुरा काय रातच्यानं पळून जाते का?"

"पळत नाही. सरकतो," मी म्हणालो.

दादाचं हसू गेलं. "घे मंग. आत्ताच मोज."

आकडा आला: दादा माझ्या हद्दीत पावणेदोन फूट. मी तो वहीत लिहिला. आमच्याकडे रीत अशी, की ज्याची चूक निघेल त्यानेच हद्दीचा दगड हलवायचा. दादाने पहार घेतली, दगड उपटला, आपल्या बाजूला पावणेदोन फूट आत नेऊन रोवला. मी शेवटची बस पकडली.

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. गेल्या पावसाळ्यात गेला.

शेत नावावर करताना वहिनीने यंदा सरकारी मोजणी मागितली. ती सकाळी दहाला सुरू झाली, दोनदा तपासली. जुना दगड होता तिथेच हद्द निघाली. दादाने बोटभरही जमीन घेतली नव्हती.

मी पहार उचलली. दगड परत नेताना मला दोनदा टेकावं लागलं. दादाने तो एका दमात नेला होता.

मग दादाने त्या संध्याकाळी भरलेले दीड हजार मी वहिनीसमोर धरले.

"हे त्याईले द्याचे होते, भाऊजी," ती म्हणाली. थोड्या वेळाने घेतले, पदराच्या टोकाला बांधले.

म्हणजे त्या मोजणीपायी माझे तीन हजार गेले: दीड मोजणीदाराला, दीड वहिनीला.