हललेलं कुर्डू

फोटो बिघडू नये म्हणून जीव टाकणारे फोटोग्राफर वर्धा जिल्ह्यात पुष्कळ होऊन गेले. पण तो नीट बिघडावा म्हणून जिवाचं रान करणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका आमच्या ताईच्या वाट्याला आला. आमचे भाटवे, म्हणजे ताईचे यजमान. सिंदी स्टेशनाजवळ त्यांचं फोटोचं दुकान होतं. आठवडाभर तिथे त्यांचा एकच जप चाले, "हालू नका जी! मान ताठ. श्वास धरा. डोळा नाई लवला पाह्यजे." त्यांच्या धाकानं भलेभले असे ताठ बसत की फोटोत माणूस कोणता आणि मागचा रंगवलेला खांब कोणता हे सांगणं कठीण. आणि रविवार उजाडला की हाच माणूस कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर टाकून शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर जायचा आणि कुर्डूपुढे हात जोडून म्हणायचा, "हाला जी थोडंसं!"

कुर्डू म्हणजे काही गुलाब-मोगरा नव्हे. पोळा सरला की वावरात, धुऱ्यावर, रुळांच्या कडेला आपोआप माजणारं, गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांचं रानफूल. निंदणाला आलेल्या बाया ते उपटून फेकतात. भाटव्यांना त्याचं वेड. तेही स्थिर उभं असलं तर ढुंकून पाहणार नाहीत. दिवस कलला, उजेड मंदावला की कॅमेरा लावून वाऱ्याची वाट पाहत बसायचे. तुरे डुलू लागले की भिंगावरचं झाकण काढून वाऱ्याला हळूच म्हणायचे, "ये बाई, ये." एवढं म्हणून झालं की झाकण बंद. मग कागदावर उमटायची ती एक धुरकट पांढरी लाट. "फूल तं कोणीबी काढते," ते मला म्हणायचे, "मी वारा काढून राह्यलो."

मी तेव्हा सेलूला शाळामास्तर. रविवारी सिंदीला गेलो की तिपाई माझ्या खांद्यावर. एकदा वाराच पडला. पान हलेना. भाटव्यांनी जवळच्या खळ्यावरून सूप आणलं आणि माझ्या हातात दिलं. कोट-टोपी घातलेला मी गुडघ्यावर बसून कुर्डूला वारा घालतोय, असं ते ध्यान वावराच्या मालकानं पाहिलं. म्हातारा जवळ येऊन म्हणाला, "काऊन जी मास्तर, कुर्डूले गर्मी होऊन राह्यली काय?" भाटवे कॅमेऱ्यावरची नजर न काढता म्हणाले, "बोलू नका, वारा बुजते." म्हातारा खरोखर गप्प झाला. जाताना मात्र म्हणाला, "एवढा जीव लागला असन तं सारं उपटून घरी न्या. माह्यं निंदण तरी वाचन!"

या छंदाचा धंद्याशी संबंध नसता तर बरं होतं. पण एका सोमवारी, आदल्या दिवशीचा कैफ उतरायच्या आत, देवळीकडचे एक पाटील सहकुटुंब फोटोला आले. भाटव्यांनी सगळ्यांना ओळीनं बसवलं, झाकणाला हात घातला आणि सवयीनं म्हणाले, "आता थोडंसं डुला." पाटील आज्ञाधारक. ते डुलले, पाटलीणबाई डुलल्या, मांडीवरचं पोर तर आधीपासूनच डुलत होतं. फोटो पाहून पाटलांनी जे तोंड सोडलं ते स्टेशनापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. भाटवे त्याच रात्री ताईला म्हणाले, "पण पागोट्याची लाट का सुंदर आली व!" ताईनं कपाळाला हात लावला.

एवढं सारं हसण्यावारी नेणाऱ्या या माणसाची एकच इच्छा होती. आपलं एक तरी कुर्डू कोणाच्या तरी भिंतीवर लागावं. ते लग्नामुंजीत काच-चौकटीसकट फोटो आहेर करायचे. लोक काच-चौकट ठेवून घ्यायचे, कुर्डू काढायचे आणि तिथे लक्ष्मी बसवायचे. ताई तर घरचे फोटो डब्यांखाली अंथरायची.  भाटवे कोणाकडे गेले की आधी भिंतीकडे पाहायचे. ते पाहणं मला बघवत नसे.

अशात आमची माय ताईकडे राहायला आली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. डब्याखालचा एक फोटो हाती लागला तो तिनं डोळ्याजवळ नेला आणि म्हणाली, "जवाईबुवा, हा फोटो बराबर काढला तुम्ही. बाकीच्यायचे फोटो मले समजतच नाई. मले कुर्डू असंच दिसते!" भाटव्यांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी तो फोटो मढवून तिच्या खाटेसमोर लावला आणि दिसेल त्याला सांगत सुटले, "मायनं मागून घेतला. मायनं!"

मग वर्ध्याच्या दवाखान्यात मायचं ऑपरेशन ठरलं. साऱ्या घराला आनंद, भाटव्यांचा चेहरा उतरलेला. मला बाजूला नेऊन म्हणाले, "आता तिले खरं दिसन." माय घरी यायच्या आदल्या दिवशी त्यांनी फोटो खिळ्यासकट उतरवून धान्याच्या कोठीमागे लपवला.

माय जाड भिंगांचा चष्मा लावून आली. आल्या आल्या तिला कोपऱ्यातली जाळी दिसली, ताईला बोलणी बसली. "जवाईबुवा, तुम्ही तं म्हातारे झाले जी," असं म्हणून झालं. मग खाटेवर बसून समोर पाहिलं. "माह्यं कुर्डू कुठी हाये?"

भाटव्यांनी कोठीमागून फोटो आणून तिच्या हातात दिला. तिनं तो जवळ नेला, लांब धरला.

"हे तं पुसट हाये जी."

"हो माय," भाटवे जमिनीकडे पाहत म्हणाले. "पयल्यापासूनच तसा हाये."

 मायनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा न लावता मांडीवर ठेवला. मग उघड्या डोळ्यांनी फोटोकडे बघत राहिली. "आता बराबर दिसला," ती म्हणाली. "लावा भिंतीवर." भाटव्यांना खिळा काही सापडेना, मीच ठोकला. पुढे माय होती तोवर रोज सकाळी चष्मा लावून साऱ्या घराला नावं ठेवायची आणि तो काढून तेवढं कुर्डू पाहायची.

आता माय नाही, भाटवेही नाहीत. तो फोटो माझ्या भिंतीवर आहे. माझ्याही डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरतोय, आणि पोरं ऑपरेशनचा लकडा लावून बसली आहेत. करीन की. घाई काय आहे! संध्याकाळी चष्मा काढून मी त्या फोटोसमोर बसतो. कुर्डू डुलू लागतं, आणि भाटव्यांची फार आठवण येते. घरात कोणी नसलं की मी हळूच म्हणतो, "ये बाई, ये."